बुडबुडा दिसला की सांगा: इस्रोच्या अध्यक्षांना बडोद्याहून खुले पत्र

माननीय अध्यक्ष, भारतीय अंतराळ संशोधन संस्था, बंगळुरू,
आणि गगनयानच्या, म्हणजे आपल्या माणसांना आपल्याच रॉकेटने अंतराळात नेण्याच्या मोहिमेच्या, कामात गुंतलेले सर्व अभियंते व तंत्रज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारा एक निवृत्त तपासनीस. एका रासायनिक कारखान्यात ३१ वर्षं काढली आणि त्यातली बहुतेक गळती शोधण्यात गेली. पाइप, टाकी, व्हॉल्व्ह, फ्लँज, जिथे म्हणून दोन तुकडे जोडले जातात तिथे गळतीची शक्यता असते. ती आहे की नाही हे सांगणं हेच माझं काम. आमचं मुख्य हत्यार म्हणजे साबणाचं पाणी. बादलीत साबण घोळवायचा, ब्रशने सांध्यावर फासायचा, लाईनमध्ये दाब चढवायचा आणि टॉर्च धरून बघत बसायचं. सांधा पक्का असेल तर फेस जागच्या जागी वाळून जातो. कच्चा असेल तर एक बारीक बुडबुडा उगवतो, फुगतो, फुटतो आणि त्याच जागी दुसरा उगवतो. तो दिसला की वहीत लिहायचं. बाकी सगळं नंतर.

हे पत्र त्या बुडबुड्याबद्दल आहे, आणि अपयशी ठरलेल्या रॉकेटांचे अहवाल लोकांसमोर ठेवा या मागण्याबद्दल.

१९९० च्या दशकातली गोष्ट. वार्षिक शटडाऊन संपत आला होता. अमोनियाच्या एका लाईनवर, पुरुषभर उंचीवरच्या फ्लँजपाशी मला बुडबुडा दिसला. मोठा नव्हता, ज्वारीच्या दाण्याएवढा. दोनदा पुसून पुन्हा साबण लावला, दोन्ही वेळा तो तिथेच आला. मी नोंद केली, गॅस्केट, म्हणजे सांध्यातली चकती, बदलावं लागेल असं लिहिलं. गॅस्केट बदलायचं म्हणजे लाईन पुन्हा रिकामी करायची, म्हणजे अख्खा दिवस गेला. संध्याकाळी वरच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडले वगैरे नाहीत. चहा मागवला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बोल्ट जरा आवळून घ्या आणि नोंद नीट लिहा." मी बोल्ट आवळून घेतले. पुन्हा साबण लावून पाहिला नाही. वहीत 'ठीक' असं लिहून खाली सही केली.

तिसऱ्या रात्री ते गॅस्केट फुटलं. ड्यूटीवर एक फिटर होता, माझ्याच वयाचा, वाडीत राहणारा. त्याचा जीव वाचला, पण फुप्फुसं कायमची गेली. चौकशी झाली. तिचा अहवाल आम्ही कोणीच कधी पाहिला नाही. नोटीस बोर्डावर एक कागद लागला, त्यात लिहिलं होतं की 'तांत्रिक कारणामुळे' दुर्घटना घडली. या दोन शब्दांत माझी सही होती, साहेबांचा चहा होता आणि वाचवलेला एक दिवस होता. पण वाचणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. पुढच्या शटडाऊनमध्ये दुसऱ्या युनिटवर दुसऱ्या तपासनिसाला तसाच चहा मिळाला असेल, तर त्याला सावध करणारं काहीही कुठे लिहिलेलं नव्हतं.

अध्यक्ष महोदय, गेली दोन वर्षं मी अंतराळातल्या बातम्या वाचतो आहे आणि प्रत्येक बातमीत मला माझीच वही दिसते.

तो फिटर आत्ताआत्तापर्यंत माझ्याकडे यायचा. जिना चढताना दोनदा थांबायचा. ११ जून २०२५ ला तो आला तेव्हा आम्ही आपले अंतराळवीर शुभांशु शुक्लांच्या उड्डाणाची वाट पाहत होतो. त्यांच्या ॲक्सिऑम-४ या मोहिमेची तारीख आधीच पुढे पुढे सरकत होती. त्यांना नेणाऱ्या फाल्कन-९ रॉकेटची इंजिनं जागच्या जागी पेटवून पाहण्याची चाचणी झाली आणि त्यानंतरच्या तपासणीत द्रव ऑक्सिजनची गळती सापडली. उड्डाण थांबलं. मी बातमी वाचून दाखवली. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बरं झालं. कोणीतरी नाही म्हणालं."

ते 'नाही' म्हणणाऱ्यांत आपली माणसं होती. तात्पुरती डागडुजी नको, पूर्ण दुरुस्ती करा, असा आग्रह भारतीय चमूने तिथे धरला, हे आपणच नंतर जाहीरपणे सांगितलंत. परक्या देशात, परक्या कंपनीच्या रॉकेटपुढे उभं राहून असं बोलायला काय लागतं, ते ज्याने एकदा तरी साहेबांच्या केबिनमध्ये मान हलवली आहे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्या चमूतल्या प्रत्येकाला माझा साष्टांग नमस्कार. गळती दुरुस्त होते न होते तोच, ते जिथे जाणार होते त्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या झ्वेज्दा या रशियन भागातल्या दाबाच्या नोंदींत काही वेगळं दिसलं. तेही तपासून होईपर्यंत उड्डाण थांबवलं गेलं. शेवटी २५ जूनला, आपल्याकडे दुपारचे बारा वाजून एक मिनिट झालं असताना, पेगी व्हिटसन यांच्या नेतृत्वाखाली चौघे वर गेले. आमच्या चाळीत टीव्हीसमोर दाटी झाली होती. शुक्लांनी सोबत गाजर हलवा, मूग डाळीचा हलवा आणि आमरस नेला आहे, हे ऐकून शेजारच्या बेन म्हणाल्या की आता तरी तुम्ही महाराष्ट्रीय लोक आमरस आमचा की तुमचा हा वाद सोडा. १५ जुलैला दुपारी तीनच्या सुमारास यान कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात उतरलं, तेव्हा फिटर पुन्हा जिना चढून आला होता.

आता जे लिहितो आहे ते लिहिताना हात जड होतो. शुक्लांच्या उड्डाणाच्या त्याच दिवसांत आमच्या गुजरातेत दोन गोष्टी घडल्या. १२ जूनला अहमदाबादेत एअर इंडियाचं विमान कोसळलं, २६० जीव गेले. आणि ९ जुलैला सकाळी, शुक्ला स्थानकावर मेथी आणि मुगाला मोड आणत होते त्या दिवसांत, बडोदा आणि आणंद जिल्ह्यांना जोडणारा महिसागरवरचा गंभीरा पूल तुटला. पादऱ्याकडून रोज त्या पुलावरून जाणारी माणसं वाहनांसकट नदीत गेली. पूल हलतो, असं आसपासची गावं आधीपासून सांगत होती, हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलं. बुडबुडा दिसला होता. दिसणाऱ्याने सांगितलाही होता.

विमानाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अपघात झाल्यापासून महिन्याभरात प्राथमिक अहवाल लोकांसमोर आला. त्यावर वाद झाले, अजून होतात. पण कागद आला, कारण विमानांच्या जगात तसा आंतरराष्ट्रीय नियमच आहे: ३० दिवसांत प्राथमिक अहवाल. त्या नियमासाठी आधी कित्येक विमानं पडली आहेत. रॉकेटसाठी असा नियम नाही. माझं गाऱ्हाणं नेमकं तिथे आहे.

१८ मे २०२५ ला आपलं पीएसएलव्ही-सी६१ हे रॉकेट तिसऱ्या टप्प्यात अपयशी ठरलं. त्याच दिवशी सकाळी आपण स्वतः कॅमेऱ्यासमोर आलात आणि सांगितलंत की तिसऱ्या टप्प्याच्या मोटरमधला दाब घसरला. किती बरं वाटलं होतं ते ऐकून! 'तांत्रिक कारण' नाही, सरळ दाब घसरला. समिती बसली. त्यानंतर १२ जानेवारी २०२६ ला सी६२ उडालं आणि तेही तिसऱ्याच टप्प्याच्या अखेरीस वाट चुकलं. सोबत डझनाहून अधिक छोटे उपग्रह होते, त्यांत विद्यार्थ्यांनी आणि नव्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं खपून बनवलेले होते. सी६२ उडेपर्यंत सी६१ चा अहवाल लोकांसमोर आलेला नव्हता.

माझ्या व्यवसायात याला एकच नाव आहे. पहिल्या गळतीची वही बंद ठेवून दुसऱ्यांदा दाब चढवणं.

पीएसएलव्ही आणि गगनयान यांचं रॉकेट वेगळं आहे, हे मला माहीत आहे. गगनयानला एलव्हीएम-३ नेणार आहे आणि त्याची कामगिरी उत्तम आहे. पण रॉकेट वेगळं असलं तरी घर एकच. ज्या घरात अपयशाचा अहवाल कपाटात राहतो, त्या घरातल्या धाकट्या अभियंत्याला आपला बुडबुडा वहीत लिहिताना दहा वेळा विचार करावा लागतो. मी तो विचार केलेला आहे. त्याचं उत्तर काय आलं, ते वर लिहिलं.

याउलट आपल्याच संस्थेने काय करून दाखवलं आहे तेही मला ठाऊक आहे, आणि ते सांगितलं नाही तर हे पत्र अन्यायाचं होईल. २१ ऑक्टोबर २०२३ ची सकाळ आठवा. संकटात अंतराळवीरांची सुटका करणाऱ्या गगनयानच्या यंत्रणेची ती पहिली मोठी उड्डाणचाचणी होती. उलटी मोजणी पाच सेकंदांवर आली आणि संगणकाने उड्डाण रोखलं. शाळांतली पोरं टीव्हीसमोर बसलेली, अख्खा देश बघतो आहे. तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ उठले आणि त्यांनी सांगितलं की इंजिन ठरल्याप्रमाणे पेटलं नाही, आम्ही बघून सांगतो. दोषाचं कारण सापडलं, तेही सांगितलं, आणि दहा वाजता यान उडालं. समुद्रात उतरल्यावर यान उलटं तरंगलं, तेही लपवलं नाही. मला त्या दिवशी उड्डाणापेक्षा त्या पाच सेकंदांचा जास्त अभिमान वाटला.

आणि २०२१ मधलं जीएसएलव्ही-एफ१० रॉकेटचं अपयश. माझ्यासारख्या माणसाने त्याचा अहवाल वाचला तेव्हा अंगावर काटा आला, कारण त्यात लिहिलेली गोष्ट होती गळतीची! क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनाच्या, टप्प्यातल्या द्रव हायड्रोजनच्या टाकीवरचा व्हेंट अँड रिलीफ व्हॉल्व्ह गळला, टाकीतला दाब कमी पडला, त्यामुळे इंधन ढकलणारा पंप नीट चालला नाही आणि इंजिन पेटलंच नाही. हे सगळं आपल्या संस्थेने संकेतस्थळावर जाहीर केलं. पुढे त्या टप्प्यात सुधारणा झाल्या आणि मे २०२३ मध्ये एफ१२ ने उपग्रह नेमक्या कक्षेत पोचवला. आपण स्वतः क्रायोजेनिकवाले आहात, व्हॉल्व्हची सील म्हणजे काय चीज असते ते मी आपल्याला सांगायला नको. ती चार ओळींची गोष्ट वाचून माझ्यासारख्या किती तपासनिसांना आपापल्या टाकीवरचा व्हॉल्व्ह पुन्हा एकदा बघावासा वाटला असेल, याची आपल्याला कल्पना नसेल. म्हणून म्हणतो, आपल्याला हे नवं शिकायचं नाहीये. विसरायचं तेवढं नाहीये.

बाहेरच्यांकडे बघू या. तिथेही काही सगळे साधुसंत नाहीत.

बोइंग कंपनीच्या स्टारलाइनर यानाची गोष्ट आमच्या गुजरातला जवळची, कारण सुनीता विल्यम्स यांचं मूळ गाव झुलासण. ५ जून २०२४ ला त्या आणि बुच विल्मोर निघाले, आठेक दिवसांसाठी. वाटेतच हीलियम गळू लागला, स्थानकाजवळ पोचताना पाच थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारी छोटी इंजिनं, बंद पडले. झुलासणच्या देवळात लोकांनी अखंड ज्योत लावली. खाली मात्र अडीच महिने वाद चालला होता: याच यानातून परत आणायचं की नाही? कंपनी म्हणत होती आणा. शेवटी २४ ऑगस्टला नासाने सांगितलं, नाही. यान सप्टेंबरमध्ये रिकामं उतरलं. दोघं २८६ दिवसांनी, १८ मार्च २०२५ ला दुसऱ्या यानातून आले. इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पण माझ्या दृष्टीने खरी बातमी त्यानंतरची. यान सुखरूप उतरलं होतं, माणसं घरी आली होती, प्रकरण सहज मिटवता आलं असतं. तरीही फेब्रुवारी २०२६ मध्ये नासाने चौकशीचा अहवाल जाहीर केला आणि या उड्डाणाला सगळ्यांत गंभीर श्रेणीतला अपघात ठरवलं. कोणाचा जीव गेलेला नसताना! त्यात यंत्रातल्या दोषांइतकंच निर्णय घेणाऱ्यांच्या वागण्यावरही बोट ठेवलेलं आहे. माझ्या कारखान्यात त्या रात्री फिटर ड्यूटीवर नसता, तर गॅस्केट फुटल्याची साधी नोंदही झाली नसती.

आणि चीन? त्यांच्याकडून आपण मोकळेपणाची अपेक्षा करत नाही. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये शेनझोऊ-२० च्या खिडकीला बारीक तडे गेल्याचं दिसलं, अंतराळातल्या कचऱ्याचा आघात असावा असा संशय आला, तेव्हा त्यांनी ते जगाला सांगितलं. ५ तारखेचं परतणं थांबवलं. तिघांना १४ तारखेला नव्या चमूच्या शेनझोऊ-२१ यानातून खाली आणलं. मग वर राहिलेल्या तिघांकडे अकरा दिवस परतीचं भरवशाचं यान नव्हतं, ते २५ तारखेला रिकामं शेनझोऊ-२२ पाठवून दिलं. या अकरा दिवसांचा विचार मी अनेकदा करतो. आपलं भारतीय अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभं करायचं आहे, पहिला भाग २०२८ ला पाठवायचा आहे. तिथे आपली माणसं असताना असा दिवस आला, तर तयार रॉकेट आणि तयार यान सोळा-वीस दिवसांत वर पाठवण्याची सोय आपल्याकडे असेल का? याचं उत्तरही आजपासून लोकांशी बोलत बोलत शोधायला हवं.

आंतरराष्ट्रीय स्थानकावरचा आणखी एक प्रसंग मला फार आवडतो. झ्वेज्दाच्या टोकाच्या एका छोट्या मार्गिकेतून २०१९ मध्ये हवा गळू लागली. २०२० मध्ये जागा सापडेना, तेव्हा तिथल्या रशियन अंतराळवीरांनी चहाची पिशवी फोडली, पत्ती हवेत सोडली, कॅमेरे लावले आणि दरवाजा बंद करून घेतला. वजनरहित अवस्थेत पत्ती तरंगत राहिली आणि हळूहळू एका दिशेने सरकत गेली. तिथे तडा होता. अब्जावधींचं स्थानक आणि उपाय चहाच्या पत्तीचा. मला माझी साबणाची बादली आठवली. पण हे सगळं सोपं मिटलं नाही. एप्रिल २०२४ मध्ये गळती दिवसाला दीड किलोहून जास्त हवेवर गेली. नासाने तिला सगळ्यांत वरच्या पातळीचा धोका म्हटलं. गळती किती वाढली की चालवून घ्यायची नाही, यावर अमेरिका आणि रशिया यांचं एकमत होईना. आणि हे एकमत नसल्याचंही नासाच्या अंतर्गत लेखापरीक्षकांनी अहवालात छापून टाकलं, कोणीही वाचावं. २ नोव्हेंबर २००० पासून त्या स्थानकात एक दिवसही माणूस नाही असं झालेलं नाही. एवढी वर्षं गळत्या शोधत, बुजवत, लिहीत, भांडत ते चाललं आहे. स्थानक चालवणं म्हणजे रोजचं हेच काम.

एका गळतीने काय होतं? ३० जून १९७१. सोयुझ-११ चे तिघे जगातल्या पहिल्या अंतराळ स्थानकावर तीन आठवडे राहून परतत होते. यानाचे भाग सुटे होताना हवेचा एक व्हॉल्व्ह अवेळी उघडला. जागा कमी म्हणून अंगात दाबाचे पोशाख नव्हते. यान अलगद उतरलं. दरवाजा उघडला तेव्हा तिघेही गेलेले होते. एका व्हॉल्व्हचं काम. गगनयानसाठी निवडलेल्यांची नावं पंतप्रधानांनी २०२४ च्या फेब्रुवारीत सांगितली: प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप, शुभांशु शुक्ला. ती नावं वाचली की मला तो व्हॉल्व्ह आठवतो.

आपल्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. त्या उपग्रहांत संरक्षणाचे उपग्रह होते, सगळं उघड करता येत नाही. मान्य. उपग्रह झाका. त्याने काय पाहायचं होतं, कुठे पाहायचं होतं, ते कोणालाही सांगू नका. पण मोटरचा दाब का घसरला, यात देशाचं गुपित कोणतं? स्पर्धक फायदा उठवतील, परदेशी ग्राहक बिचकतील, असंही म्हणतात. विमा उतरवणारे आणि उपग्रह पाठवणारे आकडे मागतातच, त्यांना न सांगून भागत नाही. मग ज्याच्या पैशाने रॉकेट उडतं त्या देशातल्या माणसालाच तेवढं का कळू नये? आणि लोक टवाळी करतील, वाहिन्या ओरडतील, ही भीती असेल तर ती खोटी नाही. ते होईल. आपण म्हणतो झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ती म्हण मुठीला लागू आहे, टाकीला नाही. टाकी झाकून ठेवली म्हणून आतला दाब कमी होत नाही.

आमच्या बडोद्याच्या संस्थानाकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या काळात राज्यकारभाराचा अहवाल दरवर्षी छापला जायचा. जुन्या ग्रंथसंग्रहांत ते खंड आजही बघायला मिळतात. त्यांत शाळा किती उघडल्या हे असतं, तसंच दुष्काळ आणि प्लेगही आकड्यांसकट असतात. राजाला कोणी विचारणारं नव्हतं, तरी छापायचे.

तेव्हा माझं मागणं असं. सी६१ आणि सी६२ दोन्हींचे अहवाल लोकांसमोर ठेवा, गुप्त ओळी काळ्या करून ठेवल्यात तरी चालेल. गगनयानच्या प्रत्येक उड्डाणानंतर, व्योममित्रा या यंत्रमानवाला घेऊन जाणारं असो की माणसांना, यशस्वी असो की अयशस्वी, ३० दिवसांत काय अपेक्षेप्रमाणे झालं आणि काय झालं नाही याचा साध्या भाषेतला अहवाल येऊ द्या. इंग्रजीत आणि हिंदीत तर येईलच. मराठी, गुजराती, तमिळ, बंगालीतही येऊ द्या. श्रीहरिकोटापासून बडोद्यापर्यंत या कामाचे सुटे भाग बनवणारे, तपासणारे कित्येक हात त्या भाषांतले आहेत.

दुसरं मागणं यापेक्षा मोठं आहे. १९६७ मध्ये अपोलो-१ च्या आगीत तीन अंतराळवीर जमिनीवरच जळून गेले. त्यानंतर अमेरिकेच्या संसदेने सुरक्षेची एक स्वतंत्र समिती नेमली. ती नासाला सल्ला देते आणि दरवर्षी अहवाल छापते, त्यात नासाचे कान उपटलेले असतात. आपल्याकडेही अशी समिती हवी, संस्थेच्या आत नव्हे, बाहेर. तिच्यात अंतराळाचे जाणकार असावेत, विमानवाले असावेत, आणि एक-दोन जण माझ्यासारखे, ज्यांनी आयुष्यभर हातात ब्रश धरला आहे, तेही असावेत. आणि तिच्या 'नाही'ला पुसून टाकण्याची सोय कोणत्याही केबिनमध्ये नसावी.

आणि तारखांबद्दल. हे उड्डाण स्वातंत्र्याच्या पंचाहत्तराव्या वर्षी, २०२२ पर्यंत होणार होतं. झालं नाही. मध्ये करोना आला, शिवाय काम अवघडच होतं. त्याबद्दल मला अवाक्षर बोलायचं नाही. उशीर झाला म्हणून कोणी आपल्याला नावं ठेवत असेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा. फक्त पुढची तारीख ठरवताना कोणत्याही सणाचा, समारंभाचा, कोणाच्या दौऱ्याचा विचार त्यात येऊ देऊ नका. आमची लाईनही एका पाहुण्याच्या भेटीआधी सुरू व्हायची होती.

ते साहेब आता हयात नाहीत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, वरून त्यांनाही फोन आलेला असणार. माझी सही मात्र माझी होती. ती वही आज कुठे असेल कोण जाणे. शुक्ला परतले त्या दिवशी टीव्ही बंद केल्यावर फिटरने मला विचारलं, "आपल्या लाईनचं कारण काय निघालं होतं हो शेवटी?" तीस वर्षांत त्याने पहिल्यांदा विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं. साबण, बुडबुडा, चहा, सही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटायचं, मीच व्हॉल्व्ह जोरात फिरवला असेल." तीस वर्षं तो माणूस स्वतःला दोष देत होता, कारण नोटीस बोर्डावर दोनच शब्द होते.

सी६१ आणि सी६२ च्या तिसऱ्या टप्प्यावर काम केलेले किती जण आज रात्री असंच काहीतरी मनात घेऊन झोपत असतील, अध्यक्ष महोदय.

हे पत्र इंग्रजीत करून मी आपल्या बंगळुरूच्या पत्त्यावर टपालानेही पाठवतो आहे. मला वेगळं उत्तर देण्याची तसदी घेऊ नये. अहवाल संकेतस्थळावर आला की तेच उत्तर समजेन, छापून घेईन आणि वाडीत जाऊन वाचून दाखवीन. त्याला आता जिना चढवत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त तपासनीस
दांडिया बाजार, बडोदे